सूर्य मावळायच्या आत

पुलगाव सुटलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जानेवारी महिना. डाव्या खिडकीतून सूर्य तुरीच्या धुऱ्यावर टेकायला आलेला. वर्धा नदीचा पूल धडधडत मागं गेला, वर्धा जिल्हा संपून अमरावती लागला आणि तळणीच्या आसपास गाडी थांबली. एक मालगाडी पुढं गेली. मग दुसरी. समोरच्या बाकावरच्या बाईनं हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता विचारलं, "कुठं उतरता?"

"धामणगाव."

"मंग काय, आलंच ना."

आलंच होतं. पण मी ज्या घरी निघाले होते, त्या घरात दिवस मावळल्यावर अन्न सोडाच, पाण्याचा घोटही घेत नाहीत. चोवीस वर्षांनी जाते आहे, तर निदान एकदा काकीजींच्या पंगतीला बसावं, एवढीच इच्छा होती. नागपूरला भाचा म्हणाला होता, "आत्या, समृद्धीनं तास-सव्वा तासात सोडतो." मी म्हटलं, त्या गावातून मी गेले रेल्वेनं, तर जाईनही रेल्वेनंच. असले हट्ट परदेशात राहणाऱ्यांना फार सुचतात. गावात राहणारा माणूस सरळ गाडी काढतो.

१९८५ चा जून. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर धामणगाव, आणि एसटी दिवसातून दोनदा, तीही पावसाळ्यात नाल्याला पूर नसला तर. मुलांसाठी अमरावतीला वसतिगृहं होती. पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले आणि त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, त्याला तेव्हाच पन्नासावर वर्षं होऊन गेली होती. त्या छात्रालयानं वऱ्हाडातल्या कुणब्यांची कितीतरी पोरं शिकवली. पोरींचं काय, हा प्रश्न मात्र घरोघरी वेगवेगळा सुटायचा, आणि बहुधा लग्नानं सुटायचा. माझा सुटला अडतीवर.

बाबा तूर घेऊन बाजारात गेले होते. ज्यांच्याकडं आमचा माल वर्षानुवर्षं जायचा ते अडते म्हणजे काकाजी. मारवाडी, जैन. त्यांच्या वडिलांच्या काळात घरात कापसाचा व्यापार होता. १९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, खासगी व्यापाऱ्यानं शेतकऱ्याचा कापूस घ्यायची सोय राहिली नाही, तेव्हा त्यांनी धान्याची अडत धरली. तूर मोजून झाली, चुकारा झाला, चहा आला. बाबांनी सहज काढलेला विषय ऐकून काकाजी म्हणाले, "पोट्टी हुशार हाये म्हनता, मंग घरी बसवून काय करता? ठेवा आमच्याकडं."

एवढंच. कोणी कागद केला नाही, कोणी अट घातली नाही. वर्ष संपताना बाबांनी काही पैसे पुढं केले, तर काकाजींनी गादीवरची लाल बही उघडली, टाक हातात घेतला आणि विचारलं, "हे कोनत्या खात्यात लिहू?" बाबांना उत्तर सुचलं नाही. पैसे खिशात परत गेले. मी त्या घरी पाच वर्षं राहिले, बारावी होईपर्यंत.

धामणगावाला ‘रेल्वे’ हे आडनाव कसं लागलं ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वऱ्हाडात धामणगावं पुष्कळ. बुलढाण्याकडं धामणगाव बढे, अचलपूरकडं धामणगाव गढी. आमच्या धामणगावाकडं वेगळं काय होतं, तर स्टेशन. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६१ पासून अमेरिकेतल्या यादवीनं तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना इथली काळी माती दिसू लागली, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. स्टेशनाभोवती जिनं आली, जिनांमागून अडती, अडतींमागून मारवाडातली घरं, आणि त्या घरांच्या देणग्यांतून शाळा. नगर परिषदेच्या पाटीवर अजून शेजारचं दत्तापूरही आहे, दत्तापूर-धामणगाव. पण तिकिटावर, पत्रावर आणि माणसांच्या तोंडी रेल्वेच. कॅनडात गेल्यावर मी पहिलं पत्र पाठवलं त्यात पत्त्यातला हा शब्द राहून गेला. पत्र भलतीकडं भटकून महिन्याभरानं पोचलं. काकाजींच्या उत्तरातलं पहिलंच वाक्य होतं: गावाचं आडनाव विसरू नको, बेटा.

गावाचं आडनाव नाही विसरले. पत्रं लिहायची विसरले. दोन वर्षं लिहिली, मग फोन, मग दिवाळीचा फोन, मग त्यांचा नंबर बदलला आणि मी नवा शोधला नाही. २००१ मध्ये शेवटची जाऊन आले. काकाजी गेले ते मला दीड वर्षानं कळलं, तेही नागपूरच्या एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. हातात ताट होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पुढं सरकून वरण घेतलं.

आता त्या घराच्या नियमांविषयी. काकाजींच्या पत्नी, काकीजी, स्थानकवासी जैन. पाणी फडक्यानं गाळून. बटाटा, गाजर, मुळा, कांदा, लसूण, जमिनीखालचं काहीच नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, म्हणून गट्टे, पापडाची भाजी, मुगाची डाळ. आणि चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर चारी प्रकारचा आहार बंद. हिवाळ्यात साडेपाचलाच ताट वाढलेलं असायचं. शाळा सुटून मी धापा टाकत यायची, दप्तर ठेवायच्या आत जेवायला बसायची. घरात मला एकटीलाच रात्री खायची मोकळीक होती, काकीजींनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, "तुया घरचा धरम तू पाय, आमचा आमी पाहू." पण बारा-तेरा वर्षांच्या पोरीला वेगळेपणाची लाज वाटते. मी त्यांच्याबरोबरच जेवायची आणि रात्री नऊला भुकेनं जागी राहायची. सहा महिन्यांत ते पोटाला सवयीचं झालं.

जेवण झालं की काकीजी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायच्या. आसन, तोंडावर मुहपत्ती, समोर वाळूचं घड्याळ. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं, दोन घटकांचं. वाळू खाली जाईपर्यंत त्या उठत नाहीत, संसारातलं बोलत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, मी माझं करते, तू तुझं गणित कर, वाळू संपली की दोघी उठू. माझं सगळं बीजगणित अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तुकड्यांत झालं आहे. आजही कामाला बसले की तेवढ्याच वेळानं मान आपोआप वर होते.

राहिला कांदा. आमच्या घरी कांद्यावाचून भाकर घशाखाली उतरत नाही. पहिल्या महिन्यात मी वाळले. काकीजींनी काही विचारलं नाही. एके दिवशी म्हणाल्या, "मांगच्या अंगनात जाय." मागं गोठा होता, गोठ्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात एक कांदा. घरातली सुरी त्याला लागायची नाही, हे मला न सांगता कळलं. आमच्या वावरात बुक्कीनं फोडतात तसा मी पायरीवर ठेवून बुक्कीनं फोडला, गोठ्यातच उभ्यानं खाल्ला, हौदावर हात धुतले, चूळ भरली आणि आत आले. त्यानंतर कोनाड्यात रोज एक कांदा असायचा. तो कोण आणायचं, पैसे कोण द्यायचं, मला माहीत नाही. ज्या बाईनं जन्मात कांदा चिरला नव्हता, तिच्या घरात पाच वर्षं कांद्याचा रतीब चालू होता.

गाडी अजून उभीच होती. सूर्याचा खालचा काठ धुऱ्याआड गेला.

खरं तर मला परत पाठवलं ते एका छापील फॉर्मानं. कॅनडातल्या आमच्या गावच्या शाळेत भाषा शिकायला बाहेरदेशची मुलं येतात आणि त्यांना घरं लागतात. मुलगा शिकायला बाहेर गेला, खोली मोकळी झाली, मी फॉर्म भरला. वर ठळक अक्षरांत ‘होस्ट फॅमिली’. खाली रकाने: जेवण किती वेळा, घरचे नियम कोणते, महिन्याचे पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे. त्या शेवटच्या रकान्यापाशी माझा पेन थांबला. काकाजींना हवं होतं ते खातं इथं छापूनच दिलं होतं.

ह्यात वाईट काही नाही. डोनाल्ड वॉट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९३२ साली काही पोरं घेऊन युरोप गाठला, देश कळायचा तर त्या देशातल्या घरात राहून कळतो असं त्याचं म्हणणं, आणि त्या प्रयोगातून ही परदेशी घरांत राहायची पद्धत जगभर पसरली. आता ‘होमस्टे’ म्हटलं की आपल्याला कोकणातली एसी खोली आणि सोलकढी आठवते, तो भाग निराळा. माझ्याकडं जपानची मुलगी आली, आठ महिने राहिली. जायच्या दिवशी दारात उभी राहून तिनं विचारलं, "आता मी तुम्हाला काय म्हणू?" आठ महिने ती मला नावानं हाक मारत होती. मला उत्तर देता आलं नाही, कारण मराठीत शोधायला गेले तर शब्दच सापडेना. ‘यजमान’ म्हणावं तर आमच्याकडं बायका नवऱ्याला यजमान म्हणतात आणि भटजी दक्षिणा देणाऱ्याला. घरमालक म्हणावं तर भाडं आलं. पुण्याकडं वार लावून जेवायची चाल होती, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या जेवणाऱ्याला वारकरी म्हणत, पण वाढणाऱ्या बाईला काही वेगळं नाव असल्याचं मी ऐकलं नाही. आपण अशा वेळी सरळ नातंच चिकटवून टाकतो. काका, मावशी, मानलेली आई.

आनंदीबाई जोशांनी तेच केलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी मला तिच्यातला कार्पेंटरबाईंचा धागा धरून ती पुन्हा सांगायची आहे.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० साली दातांच्या डॉक्टरकडं आपली पाळी यायची वाट बघत होत्या. हाताला ‘मिशनरी रिव्ह्यू’चा अंक लागला. त्यात पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशांचं पत्र होतं: बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का. संपादकांनी ख्रिस्ती व्हायचा सल्ला जोडून विषय मिटवला होता. कार्पेंटरबाईंनी घरी जाऊन थेट त्या पंधरा वर्षांच्या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. पत्रांतच दोघींचं मावशी-भाचीचं नातं जमलं. एकमेकींना न बघता तीन वर्षं. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाईंनी कलकत्ता सोडलं, ४ जूनला त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, आणि मावशी न्यायला आल्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं श्रीरामपूरच्या सभेत सांगून निघालेली अठरा वर्षांची शाकाहारी मुलगी एका ख्रिस्ती घरात राहिली. पुढं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेली, तरी तिचं अमेरिकेतलं घर म्हणजे रोझेल. ११ मार्च १८८६ ला पदवी. त्याच वर्षाच्या अखेरीस परत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हातात होती, पण क्षयानं गाठलेलंच होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

पुन्हा भेटायचं राहिलं. मग गोपाळरावांनी काय केलं, तर अस्थी कार्पेंटरबाईंना पाठवल्या. हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत त्या ठेवल्या आहेत, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर दगडावर आहे. श्री. ज. जोशांच्या ‘आनंदी गोपाळ’मुळं गोपाळरावांचा विक्षिप्तपणा घराघरांत पोचला, आणि तो खोटा नव्हता. पण गंगा-गोदावरी सोडून बायकोच्या अस्थी समुद्रापलीकडच्या मावशीच्या अंगणात पाठवायचं ज्याला सुचलं, त्याला ते नातं पुरतं कळलेलं होतं, असं मला वाटतं. जी पुन्हा जाऊन भेटू शकली नाही, तिची भेट त्यानं अशी घडवली.

दुसरी गोष्ट आमच्याच रुळांवरची आहे. धामणगावला थांबणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूर आणि गोंदियामध्ये धावते, आणि कोल्हापूर सुटलं की लगेच वळिवड्याजवळून जाते. १९४३ ते १९४८ ह्या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सायबेरियातून इराण, इराणातून इथं. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्या बराकींत. ती मुलं पुढं इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलियात पांगली आणि म्हातारपणी तुकड्या-तुकड्यांनी परत येऊ लागली. २०१९ च्या सप्टेंबरात आलेली मंडळी ऐंशी-नव्वदीची होती. त्यांच्या बराकींच्या जागी गांधीनगर आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांनी वसवलेलं, कापडाच्या दुकानांचं. निर्वासितांच्याच जागेवर दुसरे निर्वासित. त्यांना भेटायला घर नव्हतं, मग कोल्हापुरात स्तंभ उभारला, वॉर्सातही स्मारक केलं. स्तंभ उभारणं चांगलंच. पण स्तंभ विचारत नाही की इतकी वर्षं कुठं होतीस. मला भीती ह्याच प्रश्नाची होती, आणि माझ्यापुढं स्तंभ नव्हता, शहाऐंशी वर्षांची बाई होती.

धामणगावहून फार लांब नाही कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिथून १५९४ पासून पालखी पंढरपूरला जाते असं सांगतात. लहानपणी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, ह्या बाईचं बरं आहे. तिला परतून यावं लागत नाही. माहेरची माणसंच दरवर्षी पायी जाऊन तिला भेटतात.

सहा वाजून दहा मिनिटांनी धामणगाव आलं. अंधारून आलं होतं. रिक्षावाल्याला जुन्या जिनाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "तिथं आता प्लॉट पडले ना." काकाजींचं नाव सांगितल्यावर मात्र निमूट निघाला. अडतीच्या जागी कृषी केंद्र होतं, काचेच्या दारावर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात. माझ्या वेळी ह्या ओट्यावर ज्वारीची पोती असायची. आता तालुक्यात ज्वारी शोधावी लागते, पाखरांच्या भीतीनं कोणी पेरत नाही.

काकाजींच्या मुलानं दार उघडलं. शाळेत माझ्यामागं दोन वर्षं होता, आता केस पांढरे. "ये ना बाई," म्हणाला, जणू मी कालच गेले होते, आणि मग हळूच, "माय सामायिकात बसली हाये."

समोरच्या खोलीत काकीजी. आसनावर नाही, खुर्चीत, गुडघ्यांमुळं. तोंडावर मुहपत्ती. समोर तेच वाळूचं घड्याळ, की तसलंच दुसरं, मला सांगता येणार नाही. वाळू निम्मीही उतरली नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत काय होतं ते मुहपत्तीवरून समजेना. मग डोळे पुन्हा मिटले.

चोवीस वर्षं मी आले नव्हते, आता पंचवीस-तीस मिनिटं बसायला काय जातं. मी समोर जमिनीवर बसले. सुनेनं पाणी दिलं. मी पिशवीतून मेपलच्या पाकाची बाटली काढली आणि तिच्या हातात ठेवली. तिनं लेबल निरखलं, "हे मध तं नाई ना?" मध ह्या घरात चालत नाही, ते मी विमानतळावरच्या दुकानात दोनदा वाचून खात्री करून घेतलं होतं. झाडाचा रस आटवतात, मी सांगितलं. "कोन्या झाडाचा?" मी मोबाइलवर झाडाचं चित्र दाखवलं. नातू येऊन बसला, त्याला बर्फाचे फोटो हवे होते. हे सगळं कुजबुजत चाललेलं. मध्येच लक्षात आलं की मी वाळूकडं बघून मनात बीजगणिताची सूत्रं म्हणते आहे.

वाळू संपली. काकीजींनी पाठ म्हणून सामायिक पारलं, मुहपत्ती काढून घडी केली. मी पाया पडायला वाकले. त्यांचा हात डोक्यावर आला तो जरा जडच आला.

"काहून वं, इतका उशीर?"

मी गाडीचं सांगायला लागले, मालगाड्या, तळणी. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

"आमचं जेवन झालं," त्या म्हणाल्या. "तुयं ताट झाकून ठेवलं हाये." मग सुनेकडं वळून नाही, माझ्याकडंच बघत, "पयले मांगच्या अंगनात जाय."

सून गोंधळली. नातू मात्र हसला. दुपारी आजीनं त्याला बाजारात पाठवून एकच एक कांदा मागवला होता आणि भाजीवालीनं त्याला वेड्यात काढलं होतं.

मागं गोठा उरला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोटारसायकली आणि फवारणीचे पंप. भिंत तेवढी जुनी. कोनाड्यात मीटरच्या वायरी होत्या आणि वायरींपुढं, नीट मधोमध ठेवलेला, लाल कांदा. पायरी तीच होती. मी कांदा ठेवून बुक्की हाणली. तो घरंगळत मोटारसायकलीखाली गेला. वाकून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा हाणली. नुसती साल फाटली आणि मनगटातून कळ गेली.

आतून आवाज आला, "फुटला काय वं?"